गणित प्रवेशाला नको, पदवीला हवं

दहावीचा निकाल लागला की अकरावी सायन्सचा अर्ज भरताना महाराष्ट्रातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: मॅथ्स ठेवायचं की सोडायचं? मेडिकलला जायचं ठरलेलं असेल तर उत्तर तयारच असतं. नीटला गणित नाही. सीईटीच्या पीसीबी गटालाही नाही. मग बोर्डाच्या परीक्षेत ते ओझं कशाला वाहायचं? त्याऐवजी भूगोल, मानसशास्त्र नाहीतर आयटी घ्यावं, मार्क बरे पडतात आणि क्लासला वेळ मिळतो. हा हिशेब चुकीचा नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या आईवडिलांनी तो केला म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण परीक्षांची रचनाच त्यांना तसं करायला सांगते.

अडचण पुढे येते. २०२४ मध्ये देशभरात २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्याच वर. उरलेल्यांपैकी काही फार्मसीला, काही शेतकी महाविद्यालयांत आणि बरीच मुलं बीएस्सीला जातात: प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक. जे गणित ‘डॉक्टर व्हायचंय’ म्हणून सोडलं होतं, ते डॉक्टर व्हायचं बारगळल्यावर परत येत नाही. दहावीला मिटलेलं पुस्तक पुढे एमएस्सीपर्यंत मिटलेलंच राहतं. आणि या सगळ्यावर पांघरूण घालणारी एक समजूत आपल्याकडे पक्की आहे, की ज्याला गणित झेपत नाही त्याच्यासाठीच तर बायो असतं.

माझं म्हणणं असं, की जीवशास्त्राच्या पदवीला गणित सक्तीचं असावं, पण त्या पदवीच्या प्रवेशाला ते सक्तीचं करू नये. या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते. शिवाय ‘गणित’ म्हणजे बारावीचं जसंच्या तसं गणित, ही दुसरी गल्लत.

कोविडच्या दिवसांत ‘सीटी व्हॅल्यू’ हा शब्द गल्लोगल्ली पोचला होता. एकाच्या रिपोर्टवर २० आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर ३० असेल तर दुसऱ्याच्या नमुन्यात विषाणू कमी, एवढं सगळ्यांना कळत होतं. पण किती कमी? हा आकडा म्हणजे विषाणू दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआरच्या फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत हवा तो डीएनएचा तुकडा साधारण दुप्पट होतो. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे दोनाचा दहावा घात, १०२४. फरक दीडपटीचा नाही, हजारपटीचा आहे. तीस फेऱ्या पूर्ण झाल्या की एका तुकड्याचे १०७ कोटी होतात. पीसीआर कसं चालतं याची आकृती बायोटेकची मुलं डोळे मिटून काढतील. २० आणि ३० मध्ये किती पटींचं अंतर आहे हे विचारलं की वर्गात शांतता पसरते. सामूचंही तेच. रक्ताचा सामू ७.४ वरून ७.१ वर आला हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यात हायड्रोजन आयनांचं प्रमाण दुप्पट झालेलं असतं. लॉगॅरिदम कशासाठी असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या आकड्यातली भीती दिसणारच नाही.

यातलं काहीही अवघड गणित नाही, आणि मला ठासून सांगायचंय ते हेच. १९०८ साली केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांच्यापुढे एक शंका आली होती. आखूड बोटांचा गुण प्रभावी असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या तो वाढत जाऊन तीनास एक या प्रमाणात का दिसत नाही? पनेट यांना उत्तर देता येईना. त्यांनी क्रिकेटच्या मैदानावरचे आपले स्नेही हार्डी यांना विचारलं. रामानुजनमुळे आपल्याला माहीत असलेले तेच हे हार्डी. त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकाला एक छोटंसं पत्र लिहिलं आणि प्रश्न मिटवला. पाढे येणाऱ्याला जमावं एवढंच गणित त्यात होतं, हे त्यांनी स्वतःच काहीशा संकोचाने नोंदवलं आहे. उपयोगी गणिताबद्दल नाक मुरडणाऱ्या या माणसाचं नाव आज जगातला प्रत्येक जीवशास्त्राचा विद्यार्थी घेतो, ते या पत्रामुळे. गंमत अशी, की त्याच वर्षी श्टुटगार्टमधले वाइनबर्ग नावाचे डॉक्टर स्वतंत्रपणे त्याच उत्तरापाशी पोचले होते. ते रोगी तपासत, जुळ्यांच्या नोंदी ठेवत आणि मोजत. केंब्रिजच्या जीवशास्त्रज्ञांना बीजगणित येत नव्हतं अशातला भाग नाही. जिवंत गोष्टींचा विचार करताना कागदावर ‘क्ष’ मांडून बघायची सवय त्यांना नव्हती.

सवयीची गोष्ट निघाली म्हणून मुंबईची एक हकिगत सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे दरवर्षी येत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याच्या मृत्यूंचे आकडे नोंदलेले आहेत. भर साथीत एका आठवड्यात सुमारे नऊशे माणसं गेली. या आकड्यांचं पुढे एक अनपेक्षित सोनं झालं. १९२७ मध्ये एडिंबरातल्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथींचं गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. किती लोक लागण होण्याजोगे आहेत, किती आजारी आहेत, किती बरे झाले वा दगावले, या तीन गटांतली ये-जा त्यांनी समीकरणांत बांधली. कोविडच्या काळात ‘लाट कधी ओसरेल’ सांगणारी जी मॉडेलं रोज टीव्हीवर झळकत होती, त्यांपैकी बहुतेकांचं मूळ या निबंधात आहे. आणि समीकरण पडताळायला त्यांनी घेतले होते ते आपल्या मुंबईचे आकडे. घंटेच्या आकाराची रेघ आणि तिला बिलगून बसलेले मृत्यूंचे ठिपके ही त्या निबंधातली आकृती आजही पाठ्यपुस्तकांत छापली जाते.

यातले मॅकेंड्रिक पेशाने डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांनी अनेक वर्षं काढली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. हिवतापाचे रोनाल्ड रॉस यांचा सहवास त्यांना मिळाला होता. रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला हे शाळेत शिकवतात. पण डास सगळेच्या सगळे मारायची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी हिवताप हटत जाईल, हे त्यांनी पुढे गणिताने दाखवलं, ते शाळेत सांगत नाहीत. दोघांनीही गणिताची पदवी घेतलेली नव्हती. गरज पडली तेव्हा, गरजेपुरतं, स्वतःचं स्वतः ते शिकले.

पण मुंबईच्या त्या आकृतीची गोष्ट इथे संपत नाही. रेघ ठिपक्यांना सुरेख बसते, पण ती बसण्यामागचं कारण बरोबर नाही. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. पिसवा तो माणसापर्यंत आणतात, आणि पिसवांचं मान हवामानावर ठरतं. मुंबईत प्लेग ठरावीक महिन्यांत चढायचा आणि उन्हाळ्याअखेर उतरायचा. म्हणजे साथ ओसरली ती लागण होण्याजोगे लोक संपत आले म्हणून नाही, ऋतू बदलला म्हणून. आपली गृहीतकं इथे पुरती लागू पडत नाहीत हे लेखकांनाही ठाऊक होतं, त्यांनी ते लिहिलंही. नंतरच्या अभ्यासकांनी त्या रेघेतून निघणारे आकडे प्लेगच्या वास्तवाशी जुळत नाहीत हे दाखवून दिलं. तरी आकृती छापली जातच राहिली. ज्याला फक्त गणित येतं तो रेघ बघून खूश होतो. ज्याला फक्त जीवशास्त्र येतं त्याला ती तपासताच येत नाही, कारण समीकरण दिसलं की तो पान उलटतो. उंदीर, पिसू आणि समीकरण तिन्ही एकाच डोक्यात असलेला माणूसच तिथे बोट ठेवून ‘हे चुकतंय’ म्हणू शकतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणित हवं ते एवढ्यासाठी. त्याने गणिती व्हावं म्हणून नाही, त्याला कुणी आकड्यांनी गप्प करू नये म्हणून.

नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर बऱ्याच भागांत सिकलसेल या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते. नवराबायको दोघंही वाहक निघाले तर समुपदेशकाने सांगायचं असतं, की प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक आहे. ऐकणारा याचा अर्थ काय लावतो? चार मुलांत एक आजारी. मग पहिलं मूल आजारी निघालं की त्याला वाटतं, आता पुढची तीन चांगली. असं काही नसतं. प्रत्येक खेपेला शक्यता तीच, मागच्या मुलाची तिला आठवण नाही. चार मुलं झाली आणि चारही निरोगी, असं तब्बल ३२ टक्के जोडप्यांत घडेल, म्हणजे जवळजवळ तिघांत एकदा. पाऊणाचा चौथा घात, बस्स. ज्या मुलीने बीएस्सीला मेंडेलचा तक्ता शंभर वेळा काढला आणि जी आज अशा शिबिरात बसते, तिला हा घात तिच्या शिक्षणात कुणी करायला लावला होता का, हा माझा प्रश्न आहे.

जीवशास्त्रातला एक साधा प्रश्न किती लांब पोचू शकतो, याचं उदाहरण पुण्यात घडलं. माणसाला रोज किती उष्मांक लागतात? वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला तेव्हा माणशी २२५० उष्मांक हा आधार धरला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ, जागतिक अन्न व शेती संघटनेत वर्षानुवर्षं काम केलेले. त्यांचं म्हणणं पडलं, की गरज सगळ्यांची सारखी नसते एवढंच नाही, तर एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. मग सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी कसा धरायचा? उलट बाजूचे म्हणत, या हिशेबाने खरी भूक आकड्यांआड दडेल. वाद वर्षानुवर्षं चालला. मला स्वतःला सुखात्म्यांचा प्रश्न रास्त वाटतो, आणि त्यातून सरकारने काढायचा निष्कर्ष धोक्याचा वाटतो. पण इथे मुद्दा निराळा. देशात किती गरीब मोजायचे ही गोष्ट शरीरक्रियाशास्त्रातल्या एका विचलनावर येऊन ठेपली होती, आणि ते विचलन समजणारे शरीरक्रियाशास्त्राचे पदवीधर आपल्याकडे मोजकेच असणार. ‘सरासरी काढा’ एवढ्यावर आपलं बायोस्टॅटिस्टिक्स संपतं. सरासरीभोवतीचा पसारा म्हणजे नुसती मोजमापाची चूक नसून तोच मुळी जीवशास्त्राचा विषय आहे, हे शिकवायचं राहून जातं.

आता विरुद्ध बाजू. ती मांडणारा माणूस साधासुधा नाही. मुंग्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी २०१३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लिहिलं, की गणिताच्या भीतीने विज्ञान सोडू नका, मोठे शास्त्रज्ञ होऊन गेलेल्या कित्येकांचं गणित बेताचंच होतं. निरीक्षण आणि कल्पना महत्त्वाच्या, गणित करणारा सहकारी मिळतो. स्वतः विल्सन हार्वर्डमध्ये कायम प्राध्यापक झाल्यावर, बत्तिसाव्या वर्षी, पोरांच्या शेजारी बाकावर बसून कॅल्क्युलस शिकले आणि ‘सी’ ग्रेडच्या वर गेले नाहीत. हे ते मोकळेपणाने सांगत.

या म्हणण्यातलं निम्मं मला पटतं. म्हणूनच प्रवेशाच्या दारात गणिताची चाळणी लावायला माझा विरोध आहे. पण उरलेलं निम्मं हार्वर्डच्या पत्त्यावर खरं ठरतं. विल्सन यांना गणित करणारे सहकारी म्हणून रॉबर्ट मॅकआर्थर भेटले, विल्यम बॉसर्ट भेटले. तालुक्याच्या कॉलेजात बेडकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्राध्यापिकेला मॅकआर्थर कुठे भेटणार? आणि भेटला तरी त्याला काय विचारायचं हे कळण्यापुरतं गणित स्वतःपाशी लागतंच. पुण्याच्या माधव गाडगीळांचं उदाहरण इथे बोलकं आहे. फर्ग्युसनमधून जीवशास्त्र, मुंबईहून प्राणिशास्त्राची एमएस्सी, आणि मग ते हार्वर्डला गेले, तिथे गणिती परिसरशास्त्राकडे वळले. विल्सन यांचे सहकारी असलेल्या त्याच बॉसर्टसोबत १९७० मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध जीवनक्रमाच्या उत्क्रांतीवरच्या मूळ निबंधांत गणला जातो. रानात हिंडणं त्यांनी कधी सोडलं नाही. जीवशास्त्राच्या पदवीनंतरही गणित शिकता येतं याचा एवढा जवळचा पुरावा दुसरा नसेल. मात्र त्यासाठी हार्वर्डला जावं लागलं.

मग शिकवायचं काय? इथे एक तयार प्रयोग आपल्यासमोर आहे, फसलेला का होईना. बीफार्मला पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गटांची मुलं येतात. २०१७ पासूनच्या देशव्यापी अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात गणित न केलेल्यांना ‘रेमेडियल मॅथेमॅटिक्स’ आणि बायो न केलेल्यांना ‘रेमेडियल बायोलॉजी’ आहे. दार उघडं ठेवून आत आल्यावर शिकवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण त्या तीस तासांच्या गणितात कोंबलंय काय? आंशिक अपूर्णांक, मॅट्रिक्स, निर्धारक, कॅल्क्युलस, भूमिती आणि शेवटी लाप्लास ट्रान्सफॉर्म. दहावीनंतर गणिताशी फारकत घेतलेल्या मुलाने तीस तासांत लाप्लासपर्यंत धावायचं! साहजिकच मुलं ठरावीक उदाहरणं पाठ करतात आणि सुटतात. उलट रक्तातलं औषध दर तासाला ठरावीक प्रमाणात कमी होतं म्हणजे काय, ते निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, दुसरी गोळी कधी द्यायची, एवढ्या एका प्रश्नाभोवती ते तीस तास फिरवले असते तर घातांक, लॉग आणि विकलन तिन्ही गोष्टी अंगात मुरल्या असत्या. संख्याशास्त्र मात्र त्याच अभ्यासक्रमात थेट आठव्या सत्रात येतं, जेव्हा विद्यार्थ्याचं लक्ष नोकरीकडे लागलेलं असतं.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने दहा-बारा वर्षांपूर्वी जीवशास्त्राच्या मुलांसाठी निराळाच गणिताचा कोर्स बांधला. अभियंत्यांसाठी रचलेलं कॅल्क्युलस बाजूला ठेवून शार्क आणि त्यांचं भक्ष्य, शरीरातली साखर, हृदयाचे ठोके अशा काळानुसार बदलणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात. सोबत संगणकावर मॉडेल चालवून बघायचं. अवघड समाकलनं हाताने सोडवायची हौस त्यात नाही. आपल्याकडे आयसर पुण्याने सुरुवातीच्या रचनेत पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळे विषय ठेवले होते. बायोवाल्यांना गणित, गणितवाल्यांना बायो. आयसरची मुलं निवडून घेतलेली असतात हे खरं. पण बारावीला गणित असलेल्या मुलालाही ते बायोशी जोडून शिकवावं लागतं, हा त्यातला धडा बीएस्सीलाही लागू आहे. ‘ट्रिक’ने समाकलन करणाऱ्या पीसीएमच्या पोराला ३० टक्के शक्यता म्हणजे काय हे समजतंच असं नाही. म्हणूनच बारावीचं गणित प्रवेशाची अट केल्याने काही साधणार नाही. त्याने फक्त सोळाव्या वर्षी झालेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब होईल, आणि क्लासवाल्यांना आणखी एक बॅच मिळेल. तसंही नीटच्या फिजिक्ससाठी हेच क्लासवाले गणित सोडलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात ‘बेसिक मॅथ्स’ म्हणून डेरिव्हेटिव्ह आणि लॉग शिकवतातच. सोडलेलं गणित फीच्या पावतीवर पुन्हा घरात येतं, तेही सूत्रांच्या यादीसारखं.

कुणी म्हणेल, सक्ती केली तर मुलं नापास होतील, जागा रिकाम्या राहतील. ओळखीच्या पद्धतीची सक्ती केली तर होतीलच. पण बीएस्सीच्या वेळापत्रकात एक मोकळी जागा पडून आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी २०११ मध्ये काही प्रमाणात आणि मग २०१४ मध्ये पूर्णपणे प्राण्यांची चिरफाड थांबवली, आणि ते योग्यच झालं. पण त्या प्रात्यक्षिकांच्या तासांत नंतर काय आलं? तक्ते, आकृत्या, जर्नल. त्या तासांत मुलांनी मोजावं. कॉलेजच्या आवारातल्या शंभर गोगलगायींचे शंख मोजावेत, पानांवरची छिद्रं मोजावीत, यीस्टची वाढ दर अर्ध्या तासाला टिपावी, आणि आपल्याच आकड्यांवर आपलाच आलेख काढून भांडावं. बायोस्टॅटच्या प्रात्यक्षिकात आज वहीत छापलेले दुसऱ्याचे आकडे घेऊन मीन, मीडियन, मोड काढतात. त्या आकड्यांमागे कुठला जीव होता ते विद्यार्थ्याला माहीत नसतं आणि विचारायचंही नसतं.

खरा अडथळा मुलांच्या डोक्यात नाही, स्टाफरूममध्ये आहे, आणि त्याचं नाव वर्कलोड. प्राणिशास्त्राचा पेपर संख्याशास्त्र विभागाकडे गेला तर प्राणिशास्त्राचे तास कमी होतात, तास कमी झाले की पद धोक्यात येतं. त्यामुळे एकतर तो पेपर गणितवाले सर येऊन आपल्या पद्धतीने शिकवून जातात, नाहीतर बायोचे सर स्वतः घाबरत घाबरत उरकतात. दोघांनी एका वर्गात उभं राहून एकत्र शिकवण्याला कुणाच्याही कार्यभारात रकाना नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४ पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही नवी रचना आली. तिच्यात ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा नियम आहे. बायो आणि गणित दोन्ही विज्ञान शाखेत, त्यामुळे प्राणिशास्त्राची मुलगी तिथे वाणिज्य शाखेतलं काहीही घेऊ शकते, गणित घेऊ शकत नाही. मायनरमध्ये संख्याशास्त्र घ्यायला हरकत नाही, पण ते ऐच्छिक, आणि ज्याने गणित सोडलंय तो ते आपणहून का निवडेल? सक्ती करायची ती मेजरच्या आतच करावी लागेल. पहिल्या दोन सत्रांतल्या प्रात्यक्षिकाचा निम्मा भाग मोजणीचा, दोन विभागांच्या शिक्षकांकडे मिळून, आणि तास दोघांच्याही खात्यावर पूर्ण धरायचे. तेवढा शेवटचा मुद्दा मान्य झाला, तर उरलेल्या बाबतीत बायोचे सर आणि गणिताचे सर यांचं आठवडाभरात जमेल असा माझा अंदाज आहे.